कारखान्यात आलेलं पाणी जातं कुठं? मराठवाड्यातल्या अन्नप्रक्रिया उद्योगाचा हिशेब

उन्हाळा लागला की मराठवाड्यात पेपर उघडल्यावर आधी एक आकडा शोधला जातो: जायकवाडीत किती टक्के साठा उरला. तो खाली घसरला की पाठोपाठ दोन बातम्या येतात. एक टँकरची आणि दुसरी ‘कारखान्यांचं पाणी तोडा’ या मागणीची. 2016 मध्ये ही मागणी कोर्टात गेली. त्या एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांचं पाणी आधी 50 टक्के आणि पुढे मे महिन्यात 60 टक्के कापायला लावलं. बाकीच्या उद्योगांनाही कपात सोसावी लागली. त्याच महिन्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी येत होतं.

दुसरीकडे आपल्याला इथे कारखाने हवेच आहेत. टोमॅटोचा भाव पडला की माल रस्त्यावर ओतला जातो, जालन्याची मोसंबी रस निघण्याआधीच परराज्यात जाते, बीडचं सीताफळ दोन दिवसांत काळं पडतं. या मालावर इथेच प्रक्रिया व्हावी, पोरांना इथेच काम मिळावं, ही मागणी रास्त आहे. पैठणजवळचं मेगा फूड पार्क 2018 मध्ये सुरू झालं ते याच अपेक्षेने. म्हणजे कारखानाही हवा आणि पाणीही हवं. दोन्हीच्या मधे एक प्रश्न आहे आणि तो फारसा कुणी विचारत नाही. अन्नाचा कारखाना पाण्याचं नेमकं करतो काय, आणि तेच काम कमी पाण्यात होतं का?

होतं. कसं, ते पायरीपायरीने बघू.

अन्नात पाणी थोडं, अन्नाभोवती जास्त

बाटलीबंद पाणी, शीतपेय आणि बिअर हे प्रकार आधी बाजूला ठेवू. तिथे पाणी हाच कच्चा माल असतो आणि ते बाटलीत भरूनच बाहेर पडतं. राज्याचं जलसंपत्ती नियमन प्राधिकरणही अशा उद्योगांना वेगळा आणि बराच चढा दर लावतं.

बाकी कारखान्यांत मालात जाणारं पाणी किरकोळ असतं. खरा वापर होतो तो कच्चा माल धुण्यासाठी, यंत्रं आणि फरशी साफ करण्यासाठी, बॉयलरमध्ये वाफ करण्यासाठी आणि तापलेलं काही थंड करण्यासाठी. उरलेलं कँटीन आणि संडास-बाथरूमला जातं.

या चारही कामांचं प्रमाण कारखान्यागणिक बदलतं. लातूरची डाळ मिल पाण्याच्या बाबतीत जवळजवळ कोरडी असते. तुरीला ओरखडे पाडायचे, तेल चोळायचं, वाळवायची, पाण्याचा हलका शिडकावा द्यायचा आणि भरडायची, एवढंच. सोयाबीनच्या तेल प्रकल्पात धुणं नाही, पण तेल काढायला वाफ लागते आणि मग ते सगळं थंड करायला पाणी लागतं. डेअरीत मात्र दूध जिथून जिथून वाहतं ती प्रत्येक नळी आणि टाकी रोज धुवावीच लागते. त्यामुळे दुष्काळात ‘सरसकट 20 टक्के कपात’ असा आदेश निघतो तेव्हा तो डाळ मिलला जाणवतही नाही आणि डेअरीच्या नळ्या धुवायला पाणी पुरत नाही. माझ्या मते टंचाईच्या काळातली आपली सगळ्यात मोठी चूक ही सरसकटपणाची आहे.

आधी मोजा

बऱ्याच कारखान्यांत पाण्याचं मीटर एकच असतं, गेटवर. महिन्याला किती पाणी आत आलं ते कळतं, पण आत आल्यावर कुठे गेलं ते कळत नाही. बॉयलर, कूलिंग टॉवर, धुण्याचा विभाग आणि सफाई यांना वेगवेगळी मीटरं बसवली की पहिल्या महिन्यातच धक्के बसतात. जिथे पाणी जात असेल असं वाटत होतं तिथे ते जात नसतं.

मीटर बसवण्याआधीही एक तपासणी फुकटात होते. सुट्टीच्या दिवशी सगळं बंद असताना संध्याकाळी गेटच्या मीटरचं रीडिंग लिहून ठेवायचं आणि सकाळी पुन्हा बघायचं. काहीच चालू नसताना मीटर पुढे सरकलं असेल तर तेवढी गळती आहे. जमिनीखालची जुनी लाईन, टाकीचा न मिटणारा फ्लोट, संडासातली वाहती टाकी, यापैकी काहीतरी सापडतंच.

मग कामाचा आकडा काढायचा: एक टन माल तयार करायला किती लिटर पाणी लागलं. डेअरीत तो एका लिटर दुधामागे धरतात. नीट चालवलेल्या डेअऱ्या लिटरभर दुधामागे लिटर-दीड लिटर पाण्यात भागवतात, आणि ढिलाई असेल तिथे याच्या दुप्पट-तिप्पट सहज जातं. नुसता ‘आम्ही यंदा 30 टक्के पाणी वाचवलं’ हा दावा पुरेसा नाही, कारण उत्पादनच 30 टक्के घटलं असेल तर वाचलेलं काहीच नसतं.

पाईप हातात असला की

शिफ्ट संपताना कुठल्याही फळ-भाजी प्रक्रियेच्या कारखान्यात जाऊन उभं राहावं. फरशीवर टोमॅटोची सालं, बिया आणि गर पडलेला असतो. कामगार पाईप घेतो आणि पाण्याच्या जोराने ते सगळं गटाराकडे ढकलत नेतो. एक साल हटत नाही म्हणून त्यावर मिनिटभर धार धरतो. मधे कुणी हाक मारली की पाईप तसाच चालू खाली ठेवतो.

इथे साधी बादली घेऊन मोजावं. 20 लिटरची बादली त्या पाईपने मिनिटात भरली, तर अर्ध्या तासाच्या सफाईत 600 लिटर गेले. असे चार पाईप आणि दिवसाला तीन शिफ्ट धरल्या तर 7,200 लिटर. टँकरच्या गावात एवढ्या पाण्यात किती घरांचं भागतं ते तिथल्या बाईला विचारावं.

यावरचा उपाय अगदी स्वस्त आहे. आधी कोरडी सफाई: रबरी पट्टीने आणि खराट्याने सालं गोळा करून पिंपात टाकायची, गटाराच्या तोंडावर जाळी बसवायची, आणि मगच पाणी. पाईपच्या तोंडाला बंदुकीसारखा चाप असलेला नोझल लावला की चाप सोडताच पाणी थांबतं आणि कमी पाण्यात जोरही जास्त मिळतो. दुसरा फायदा नंतर दिसतो. सालं आणि गर पाण्यात न गेल्यामुळे सांडपाणी कमी घाण होतं, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाचा प्रकल्प, ज्याला सगळे ईटीपी म्हणतात, त्याच्यावरचा भार आणि विजेचं बिल दोन्ही उतरतं. गोळा केलेला तो चोथा जनावरांना किंवा खताला जातो.

शेवटचं पाणी पुढच्या वेळी पहिलं

पाण्याचा फेरवापर म्हटलं की लोकांना मोठी यंत्रणा आठवते. त्यामागचं तत्त्व मात्र आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. टंचाईच्या दिवसांत बायका भांडी तीन पातेल्यांत खंगाळतात. पहिल्यात खरकटं निघतं, दुसऱ्यात साबण आणि तिसऱ्यात स्वच्छ पाणी. पहिल्याचं पाणी झाडाला ओतलं की दुसऱ्याचं पहिल्यात येतं, तिसऱ्याचं दुसऱ्यात, आणि नवं पाणी फक्त तिसऱ्यात पडतं. भांडं स्वच्छतेकडे सरकतं आणि पाणी उलट दिशेने.

फळं धुण्याच्या ओळीत हेच करतात. ताजं पाणी फक्त शेवटच्या टाकीत सोडायचं आणि तिथून ओसंडणारं मागच्या टाकीत घ्यायचं. शेतातून आलेल्या चिखलाच्या मोसंबीला पहिल्या टाकीत पिण्याच्या दर्जाचं पाणी कशाला लागतं?

डेअरी आणि ज्यूसच्या कारखान्यात यंत्रं उघडून धुता येत नाहीत. तिथे नळ्यांमधूनच धुण्याचं द्रावण फिरवतात आणि या पद्धतीला सीआयपी म्हणतात. क्रम ठरलेला असतो: साधं पाणी, मग गरम कॉस्टिक सोडा, पुन्हा पाणी, मग सौम्य नायट्रिक ॲसिड आणि शेवटी स्वच्छ पाणी. हे शेवटचं पाणी जवळजवळ निर्मळ असतं. ते गटारात सोडण्याऐवजी एका टाकीत साठवलं की पुढच्या धुण्यातलं पहिलं खंगाळणं त्यातच होतं. कॉस्टिकचं द्रावणही एकदाच वापरून फेकायचं नसतं, त्याची तीव्रता तपासून पुन्हा वापरतात. पाणी किती वेळ फिरवायचं हेही घड्याळावर सोडू नये. बाहेर येणाऱ्या पाण्यातले क्षार मोजणारा सेन्सर बसवला की नळी स्वच्छ होताच पाणी बंद करता येतं. ‘दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं’ या सवयीत बरंच पाणी उगाच जातं.

वाफ म्हणजे पाणीच

बॉयलरची वाफ उष्णता देऊन झाली की पुन्हा पाणी होते. या पाण्याला कंडेन्सेट म्हणतात. ते गरम असतं, क्षारविरहित असतं आणि बॉयलरला परत द्यायला सगळ्यात योग्य असतं. तरी कित्येक छोट्या कारखान्यांच्या मागच्या भिंतीला बघा, एका नळीतून वाफाळतं पाणी गटारात पडत असतं.

त्याची किंमत फक्त पाण्याची नाही. हजार लिटर पाणी 25 अंशांवरून 85 अंशांपर्यंत तापवायला 60 हजार किलोकॅलरी लागतात, म्हणजे बॉयलरमध्ये अंदाजे 20 किलो ब्रिकेट (भुसा दाबून केलेलं जळण). ते हजार लिटर कंडेन्सेट गटारात सोडलं की 20 किलो जळणही गटारात गेलं. मालकाला पाण्याच्या दराने काही फरक पडत नसेल तर जळणाचा हिशेब मांडून दाखवावा, तो लगेच पटतो.

कूलिंग टॉवरचं गणित थोडं वेगळं आहे. तिथे गरम पाणी वरून पडतं, त्यातलं थोडं वाफ होऊन उडतं आणि बाकीचं थंड होतं. उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागे राहतात. क्षार वाढले की नळ्यांत पापुद्रा धरतो, म्हणून काही पाणी मुद्दाम सोडून द्यावं लागतं. क्षार दुप्पट झाल्यावरच पाणी सोडलं तर 100 लिटर उडण्यामागे एकूण 200 लिटर नवं भरावं लागतं. पाचपट होईपर्यंत थांबता आलं तर 125 लिटरमध्ये भागतं.

आपल्याकडे अडचण इथेच येते. काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं, पापुद्रा लवकर धरतो, आणि ऑपरेटर घाबरून पाणी सोडत राहतो. यावर पाणी मऊ करणं हा एक मार्ग, आणि छतावरचा पाऊस हा दुसरा. पावसाचं पाणी मुळातच मऊ, त्यामुळे टॉवर आणि बॉयलरला उत्तम. मराठवाड्याचा पावसाळ्यातला सरासरी पाऊस सुमारे 680 मिलिमीटर. एक हजार चौरस मीटरच्या शेडवर एवढा पाऊस पडला तर गळती-बाष्पीभवन वजा जाता पाच लाख लिटर हाती यावं. लातूरला आलेल्या पहिल्या पाणीगाडीच्या 10 वाघिणींत तेवढंच पाणी होतं.

उसातून येणारं पाणी

आता साखर कारखाना. यावर थोडं थांबायला हवं, कारण मराठवाड्यातला पाण्याचा वाद शेवटी उसावरच येतो.

उसात वजनाच्या सुमारे 70 टक्के पाणी असतं. म्हणजे एक टन ऊस मोळीतून 700 लिटर पाणी घेऊनच गव्हाणीत पडतो. दिवसाला 3,000 टन गाळप करणाऱ्या कारखान्यात असं रोज 21 लाख लिटर पाणी आत येतं. लातूरची पाणीगाडी 50 वाघिणींची झाली तेव्हा एका फेरीत 25 लाख लिटर आणायची. थोडक्यात, गळीत हंगामात या कारखान्याच्या दारात रोज जवळजवळ एक पाणीगाडी येते आणि ती कुणाला दिसत नाही.

साखर करायची म्हणजे रसातलं हे पाणी उडवायचं. त्यासाठी चार-पाच मोठी बंद भांडी एकापुढे एक जोडलेली असतात. पहिल्याला बॉयलरकडची वाफ मिळते, पहिल्यातल्या रसाची वाफ दुसऱ्याला तापवते, दुसऱ्याची तिसऱ्याला. पुढच्या भांड्यांत हवेचा दाब कमी केलेला असतो, म्हणून रस कमी तापमानालाही उकळतो. ही युक्ती नॉर्बर्ट रिलियू या इंजिनिअरने 1840 च्या दशकात अमेरिकेतल्या लुइझियानात अमलात आणली आणि आजही जगभर तीच चालते. प्रत्येक भांड्यातून कंडेन्सेट मिळतं. पहिल्या भांड्याचं शुद्ध, ते बॉयलरला परत. पुढच्यांचं रसातून आलेलं, ते उसाच्या चोथ्यावर शिंपडायला, चुन्याची निवळी करायला आणि गाळण्या धुवायला.

बॉयलरला जाणाऱ्या पाण्यात साखरेचा अंश आला तर बॉयलरचं नुकसान होतं, म्हणून प्रयोगशाळेत त्यावर सतत नजर असते. परीक्षानळीत पाण्याचा नमुना, अल्फा नॅप्थॉलचे काही थेंब आणि बाजूने अलगद सोडलेलं तीव्र गंधकाम्ल. दोन थरांच्या मधे जांभळं कडं उमटलं की पाण्यात साखर आहे, आणि ते पाणी ताबडतोब दुसरीकडे वळवतात. फेरवापर म्हणजे डोळे झाकून जुनं पाणी ओतणं नव्हे, हे समजायला हे जांभळं कडं बघावं.

बगॅसमध्ये, म्हणजे रस काढून उरलेल्या चोथ्यात, काही पाणी ओलावा म्हणून जातं, आणि पाणी फवारून थंड करायच्या तळ्यावरून, म्हणजे स्प्रे पाँडवरून, काही उडतं. तरी नीट चालवलेल्या कारखान्याला हंगामात बाहेरून फार थोडं पाणी लागतं, आणि उरलेलं कंडेन्सेट शुद्ध करून शेजारच्या डिस्टिलरीलाही देता येतं. नियमही कडक झालेत. टनामागे 400 लिटर सांडपाण्याची मुभा होती ती केंद्राने 2016 मध्ये 200 लिटरवर आणली. उसाने स्वतःचं 700 लिटर आणलेलं असताना कुणी धरणाकडे हात पसरत असेल तर त्याला कारण विचारलंच पाहिजे.

पण पाणी तर शेतीच पिते ना?

हा आक्षेप खरा आहे. उसाखाली राज्यातलं जेमतेम 4 टक्के पीकक्षेत्र आणि सिंचनाच्या पाण्यातला सुमारे 70 टक्के वाटा, असा आकडा कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या अहवालात आलेला आहे. उसातलं ते 700 लिटरही शेवटी कुणाच्या तरी विहिरीतून किंवा कालव्यातूनच आलेलं असतं. कारखान्यातली बचत हा ठिबकला आणि पीकबदलाला पर्याय होऊ शकत नाही.

मात्र कारखान्याचं पाणी बाराही महिने एकाच जागेवरून उपसलं जातं, बहुतेक पिण्याच्या दर्जाचं असतं, आणि एप्रिल-मेमध्येही थांबत नाही. त्या दोन महिन्यांत ते नदीखोऱ्याच्या आकड्यात बारीक दिसलं तरी शेजारच्या गावासाठी मोठं असतं. आणि घाण होऊन बाहेर पडलं तर ते आणखी पाणी नासवतं.

वापरलेलं पाणी अन्नाला लावायचं?

नाही. अन्नाला किंवा अन्न लागणाऱ्या भांड्याला पिण्याच्या दर्जाचंच पाणी हवं, अन्नसुरक्षेचा नियम तसा स्पष्ट आहे. वाफ, थंड करणं, आग विझवणं अशा कामांना दुसरं पाणी चालतं, पण त्याची पाईपलाईन वेगळी आणि ओळखू येईल अशी हवी. पिण्याच्या लाईनला ती कुठेही जोडलेली नको. ईटीपीचं पाणी झाडांना आणि संडासाला, आरओ यंत्रातून बाहेर टाकलेलं खारट पाणी आवाराच्या फरशीला, कंडेन्सेट बॉयलरला. प्रत्येक पाण्याला त्याच्या लायकीचं काम द्यायचं, एवढाच याचा अर्थ. पाणी वाचवायला सफाईच कमी केली तर त्याला बचत म्हणता येणार नाही. एका नासलेल्या लॉटबरोबर त्यातलं सगळं पाणी आणि शेतकऱ्याची मेहनतही फेकावी लागते.

छोट्या उद्योजकाला परवडतं का?

कुंथलगिरीकडच्या खवा भट्टीवाल्याला सेन्सर आणि शुद्धीकरण यंत्रणा परवडणार नाही, आणि तशी अपेक्षाही नको. त्याचं पाणी कॅन आणि कढया धुण्यात जातं. तिथे चापाचा नोझल, कढई ओली असतानाच खरवडणं आणि तीन टाक्यांचा क्रम, एवढ्यानेच फरक पडतो. मधल्या कारखान्यांनी कंडेन्सेट परत आणण्यापासून सुरुवात करावी, कारण त्याचे पैसे जळणातून लवकर सुटतात. महागडी यंत्रणा सगळ्यात शेवटी. सुरुवातीलाच मोठं आरओ युनिट बसवायचं आणि फरशीवरचा पाईप तसाच वाहू द्यायचा, हा प्रकार मी बऱ्याच ठिकाणी पाहिलाय आणि तो पैशाचा अपव्यय आहे.

वाचलेलं पाणी गावाला मिळतं का?

आपोआप मिळत नाही. कारखान्याने दिवसाला लाख लिटर वाचवले आणि त्याच पाण्यावर उत्पादनाची दुसरी लाईन सुरू केली, तर टनामागचा आकडा सुधारेल पण धरणातून आणि बोअरमधून होणारा उपसा तेवढाच राहील. बसाल्टच्या खडकात पाणी भेगाभेगांत असतं, साठा मुळात तुटपुंजा. कारखान्याचं बोअर आणि गावाची विहीर एकाच भेगेवर असू शकते.

म्हणून टनामागचे लिटर आणि एकूण उपसा, दोन्ही बघावे लागतात. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांत याची थोडी सोय आहे. रोज 100 घनमीटरपेक्षा, म्हणजे लाख लिटरपेक्षा जास्त भूजल काढणाऱ्या उद्योगाला पाण्याचं ऑडिट बंधनकारक आहे आणि तीन वर्षांत भूजलाचा वापर किमान 20 टक्क्यांनी घटवायचा आहे. ग्रामपंचायतीने किंवा पत्रकाराने हे ऑडिट मागावं. मागताना मार्च ते जूनचे आकडे वेगळे मागावेत, कारण वर्षाच्या सरासरीत उन्हाळा लपून जातो.

शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्यात आणि पैठणकडे पुढचे प्रकल्प येतील तेव्हा आणखी एक संधी असते. कंडेन्सेटची परतीची लाईन, दोन वेगळ्या पाईपलाईन आणि छताच्या पाण्याची टाकी नकाशात आहेत का, हे बांधकामाला परवानगी देतानाच तपासता येतं. एकदा कोबा पडला की तीच लाईन टाकायला चालू कारखान्याची फरशी फोडावी लागते, आणि मग ते काम पुढच्या वर्षावर ढकललं जातं.